सरकवलेला भांग

प्रिय ताई,

कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर ओळीत उभं करून भांग तपासायच्या, म्हणून रोज सकाळी पायरीवर बसवून तू माझे केस विंचरायचीस. "हलू नकोस झिपरे, भांग वाकडा झाला तर छडी तुला आणि बोलणी मला," म्हणायचीस.

आज एक कबूल करते. सहा वर्षांपूर्वी तुझे केस कापताना टाळूवर केस गेलेला नखाएवढा चट्टा दिसला होता. आम्हा केस कापणाऱ्यांना झाकणं तेवढं छान येतं. मी भांग डावीकडून उजवीकडे नेला आणि म्हटलं, "ताई, दहा वर्षांनी लहान दिसतेस." तू खूश झालीस, चट्ट्याचं मी सांगितलंच नाही. चट्टा वाढला, तू डोक्याला रुमाल बांधायला लागलीस आणि माझ्याकडे यायचंच सोडलंस.

म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी मी टाळूची तपासणी शिकतेय. वर्गातल्या मुली मला 'आजीबाई, पहिला बाक' म्हणतात. काल शिकवणाऱ्या बाईंना तुझ्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "चट्ट्यातली मधली केसांची मुळं गेली असतील, पण कडेची अजून वाचू शकतात."

हे पत्र टपालात टाकणार नाही. रविवारी येऊन तोंडानेच सांगेन. पोटभर रागव, पण रुमाल सोड. सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतलीय.

पार्लर आता आवरतेय. कात्र्या तुझ्या लेकीला, ड्रायर माझ्या मदतनीस बाईंना. टाळू तपासायचं भिंग माझ्याकडे राहील. पायरीवरची आपली कंगवी तुझी. मात्र भांग मी पाडेन, त्याच्या मूळ जागी.

तुझी,
झिपरी