बिनमिठाचा झुणका

शकूचे बाबा,

डबा चुलीजवळ ठेवला आहे. त्यात नुसत्या दोन भाकरी आहेत.

काल झुणक्यात मी मुद्दाम मीठ टाकलं नव्हतं. तरी तुम्ही घरी येऊन म्हणाले, "झुणका झकास होता!" अन् आज सकाळी तुमच्या कापसाच्या जिनिंगमधले पुंडलिकराव दारावरून जाताना हसून विचारतात, "वहिनी, काल मीठ संपलं होतं काय?"

दिवाळीपासून आपल्या घरात जवस नाही. मग डब्याला जवसाच्या चटणीचा वास काहून येते, ते मले तवाच समजलं.

मी पुंडलिकरावांच्या सुमनबाईकडे चटणी शिकाले गेली आहे. संध्याकाळी ताटात दोन चटण्या वाढीन, एक तिची, एक माही. माही ओळखा. नाही ओळखली, तर उद्यापासून डबा तिलेच मागा.

शकूची आई