मापाचं ब्लाऊज

४ नोव्हेंबर, सोमवार

माळ्यावरची शिलाई मशीन खाली काढली. लग्नात माहेरून आलेली — आजवर तिच्यावर पापडाचे डबेच ठेवले! ह्यांनी पुसून दिली, तेल घातलं. म्हणाले, "आता ह्या वयात शिवण शिकून काय करून राहिलीस?"

"माझे कपडे मी शिवणार."

पुढं विचारलं नाही. त्यांना माहीत आहे.

परवा टेलरकडं ब्लाऊज आणायला गेले होते. नेहमीसारखं जुनं मापाचं ब्लाऊज दिलं होतं, त्याबरहुकूम त्यानं शिवलं. त्याची काय चूक! म्हणाला, "मावशी, आत घालून बघा, काही लागलं तर आत्ताच करून देतो." पडद्याआड घातलं. डावीकडचं कापड रिकाम्या पिशवीसारखं लोंबत होतं. बाहेरून विचारतोय — "बसलं का?" बाहेर बायकांची गर्दी. बसलं म्हणाले. घरी येऊन रडले.

डावा स्तन काढला. लातूरला ऑपरेशन झालं, वर्ष होत आलं. हे मी आजवर कुठंच लिहिलं नव्हतं. भावकीत सांगितलंय, पित्ताशयाचे खडे काढले म्हणून. लेकीचं, अक्षराचं लग्न जमायचं होतं ना! आता जमलंय, माघात लग्न आहे, तोवर तोंड उघडायचं नाही असं ह्यांचं आणि माझं ठरलंय. मुलाकडची माणसं शिरूर अनंतपाळची. त्यांना कळलं तर म्हणतील, आईला झालं म्हणजे मुलीच्या रक्तातही असणार. मोडतील. त्यांना कशाला नावं ठेवू, मी मुलाची आई असते तर मीही विचारात पडले असते.

५ नोव्हेंबर

चक्र उलटं फिरतं. दोरा तुटतो. दिवसभरात एक सरळ टीप नाही!

८ नोव्हेंबर

गल्लीतल्या पुनमला बोलावलं. घरीच शिवणाचा क्लास घेते ती. म्हणाली, "काकू, पायाला घाई लई हाय तुमच्या. आधी हातानं चक्र फिरवा, मग पाय." तसं केलं. जुन्या धोतराच्या तुकड्यावर टिपा घातल्या. पहिल्या नागमोडी, नंतरच्या जरा बऱ्या. मशीनचा आवाज घरात छान वाटतो. बऱ्याच दिवसांनी मी काहीतरी करत होते आणि माझ्याकडं कुणी आजारी माणसासारखं बघत नव्हतं.

१२ नोव्हेंबर

ब्लाऊज बेतलं. हिरवं सुती कापड. जुनं मापाचं ब्लाऊज त्यावर पसरलं, खडूनं कडेनं रेघ मारली, कापलं. आपल्याकडं दुसरं करतं कोण! लग्नापासून हेच — एक नीट बसणारं ब्लाऊज जपून ठेवायचं, टेलरला तेच द्यायचं. अंगाला टेप लावून घेतलेला मला आठवत नाही.

कापून झाल्यावर दोन्ही बाजू समोर ठेवल्या. टेलरनं केलं तेच मी केलं होतं! डावी बाजू उजवीसारखीच कापली. माझंच अंग, मलाच आठवलं नाही.

१३ नोव्हेंबर

पुनम म्हणाली, "एवढं नीट कापलंय की, रडायला काय झालं?" मी दार लावून घेतलं आणि पदर बाजूला केला. तिनं बघितलं. मग म्हणाली, "टेपनं माप घ्यावं लागंल, काकू. घेऊ का?"

घे म्हणाले. तिचे हात गार होते. ऑपरेशननंतर तिथं डॉक्टरीणबाईंशिवाय कुणाचा हात लागला नव्हता, माझासुद्धा नीट नाही. आंघोळ करतानाही मी भिंतीकडं बघते. आज आरशात बघितलं. वाटलं होतं त्यापेक्षा वाईट नाही. वाटलं होतं त्यापेक्षा सपाट आहे.

पुनम जाताना म्हणाली, "कुणाला सांगणार न्हाई मी." मी न सांगताच.

१८ नोव्हेंबर, सोमवार

पूजेला बसले. गळ्यातलं इष्टलिंग आधी मधोमध असायचं, आता डावीकडं घसरतं. तळहातावर घेऊन पूजा केली, परत गळ्यात घातलं, ते पुन्हा तिकडंच गेलं. वाटलं, ह्याला तिथं जागा झाली. मग वाटलं, काय ही मनाची समजूत!

२१ नोव्हेंबर

कापसाची उशी शिवून डावीकडं घालायचा प्रयोग केला. चहा करेपर्यंत ठीक. भाकऱ्या थापायला बसले तर गळ्यापाशी वर आली! अक्षरा लातूरहून आलेली, तिनं बघितलं. दोघी हसलो. मग उरलेल्या भाकऱ्या तिनंच थापल्या.

२४ नोव्हेंबर

विहीणबाईंचा फोन. उमादेवी. म्हणाल्या, "तुमचं मापाचं ब्लाऊज पाठवा की. आहेराच्या साडीवरचं इथंच शिवून घेते. मांडवात तीच साडी नेसायची बघा, आमच्यात पद्धतच हाय तशी."

हाव, पाठवते म्हणाले. दुसरं काय म्हणणार! मीही म्हणाले, तुमचंही पाठवा, आम्हीही शिवून देतो. तर म्हणे, "माझं राहू द्या. नुसता खण द्या, मी बघते." मागं साखरपुड्यात विचारलं तेव्हाही हेच. आमची शिलाई त्यांना चालत नसेल! साखरपुड्यातही तसंच. विहिणींची गळाभेट घ्यायची म्हणून बायकांनी दोघींना पुढं ढकललं, तर ह्या दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढून हात जोडून उभ्या राहिल्या. मला तर बरंच वाटलं. मिठीत कळलं असतं. पण तोरा तो तोराच.

२५ नोव्हेंबर

जुनं पाठवलं तर मांडवात सगळ्यांसमोर ते ब्लाऊज लोंबेल. नवीन मापाचं पाठवलं तर लग्नच राहायचं नाही. रात्रंदिवस तेवढंच डोक्यात. हे म्हणतात, "जुनं पाठव. मांडवात पदर घेशील अंगभर." घेईन की. दिवसभर घेईन.

१ डिसेंबर

हिरवं ब्लाऊज पूर्ण झालं! उसवून, डावी बाजू पुन्हा कापून. डावीकडं उभारासाठीचे टक्स नाहीत, सरळ कापड, आतून पांढरं मऊ अस्तर. एका बाहीचा मुंडा जरा आखूड झालाय, हात वर केला की ओढतो. हुक पुनमनं लावले. बाकी सगळं माझं.

घातलं. कुठं चिमटत नाही, कुठं लोंबत नाही. ते माझ्यासारखंच दिसतं.

२ डिसेंबर

जुनं ब्लाऊज घडी करून पिशवीत घातलं. उद्याच्या शिरूरच्या गाडीनं पाठवायचं.

३ डिसेंबर

पाठवलं नाही. काल अक्षराचा फोन आला. तिला सांगितलं, जुनं पाठवतेय. मग म्हणाली, "आई, उद्या मला झालं, तर त्या घरात मी काय सांगू? पित्ताशयाचे खडे?"

मी फोन ठेवला. रागानं नाही.

आपण तिला चांगलं घर मिळावं म्हणून लपवतोय, आणि ते घर तिला कायम लपवायला लावणारं निघालं तर? दिवसभर हेच. वरणाला मीठ दोनदा घातलं.

४ डिसेंबर

ह्यांना सांगितलं, हिरवं पाठवणार. ताटावरून उठले. म्हणाले, "मोडलं तर तू सांग तिला, मी न्हाई सांगणार." आपल्या दुकानात गेले. दुपारी परत आले, पिशवी बघितली. आतलं हिरवं ब्लाऊज बाहेर काढून डाव्या अस्तरावरून हात फिरवला. किती दिवसांनी!

मग परत घडी घातली — वाकडीतिकडी — पिशवीला गाठ मारली. "मीच देऊन येतो स्टँडवर."

७ डिसेंबर

काही नाही.

९ डिसेंबर, सोमवार

उमादेवींचा फोन आला.

"ब्लाऊज पोचलं."

"हाव."

"शिवलं कुणी?"

"मीच. नवीन शिकले."

मागं कुकरची शिट्टी ऐकू आली. मग, "बरं, ठेवते." ठेवलाच!

हे समोर बसलेले. काय म्हणाल्या? बरं म्हणाल्या. मांडववाल्याला थांब म्हणून सांगावं का, असं ते एकदा म्हणाले. मी म्हणाले, दोन दिवस बघू. आतून मी मोडून गेले होते. शिकले कशाला हे शिवण! टेलरचंच घालून पदर ओढून बसले असते तर काय बिघडलं असतं.

१०, ११ डिसेंबर

मशीनकडं गेलेच नाही.

१२ डिसेंबर

अक्षराला विचारलं, तिचा होणारा नवरा, वीरेश, काही बोलला का. म्हणाली, त्याला तिनं साखरपुड्याआधीच सांगितलंय! "तो म्हणाला, घरी सांगायचं ते तुझ्या आईनं ठरवावं." आणि ही पोरगी इतके दिवस माझी वाट बघत गप्प राहिली. रागवावं की जवळ घ्यावं कळेना. पण उमादेवींचं काय, ते तिलाही माहीत नाही.

१४ डिसेंबर

शिरूरच्या गाडीनं पिशवी आली. ह्यांनी आणून दिली आणि दारातच उभे राहिले.

वर माझं हिरवं ब्लाऊज. आखूड झालेला मुंडा उसवून नीट केलेला, हाताच्या टाक्यांनी.

खाली दुसरं. तपकिरी, धुऊन धुऊन मऊ झालेलं. उमादेवींचं मापाचं ब्लाऊज. तेही कुण्या टेलरचं नाही, घरी शिवलेलं.

उजवी बाजू सपाट. आतून मऊ अस्तर.

ह्यांना म्हणाले, दुकानातून चांगला खण आणा. मी शिवते.