शून्य व्यक्ती असलेल्या कारखान्यातून मावशीला गुरुवारी सकाळी बाहेर काढण्याबाबत

प्रति,
मा. पशुरोग नियंत्रण अधिकारी,
सीलबंदी व निर्जंतुकीकरण शाखा,
दुसरा मजला, जिन्याला लागून असलेला कक्ष.

विषय : सील केलेल्या कोंबडी प्रक्रिया कारखान्यात दोन व्यक्ती शिल्लक असल्याबाबत (अर्ज दुसरा).

संदर्भ : आपले पत्र, 'अर्ज निकाली काढल्याबाबत', सीलबंदीचा आठवा दिवस.

महोदय,

आमची सुटका झाली आहे, हे कळवण्यास अत्यंत आनंद होतो. "सर्व कर्मचारी सुखरूप बाहेर पडले असल्याने आपल्या अर्जावर कार्यवाहीची आवश्यकता उरत नाही," असे संदर्भीय पत्रात आपण सहीनिशी लिहिले आहे. पत्र मी मावशीला मोठ्याने वाचून दाखवले. तिने ताबडतोब चपला पायात सरकवल्या आणि आम्ही दोघे दारापर्यंत गेलो. दाराला बाहेरून आपलेच सील होते. तरी सुटकेचा विषय येथेच संपवून मूळ अर्जाकडे वळतो.

१. अर्जदार हा कोंबड्या सोलून, कापून, पिशवीत भरून पाठवणाऱ्या या कंपनीच्या अभिलेख कक्षात तीन वर्षांपासून टंकलेखक आहे. सोबत अर्जदाराची सख्खी मावशी असून ती 'सुटे भाग' विभागात एकवीस वर्षांपासून कात्री चालवते. पक्ष्यांच्या साथीमुळे आपण कारखाना सील केला, त्याला आज अकरावा दिवस आहे. येत्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता मावशीच्या उजव्या हाताचे ऑपरेशन ठरलेले आहे. ही तारीख चौदा महिन्यांनी मिळाली. ती चुकल्यास नाव पुन्हा यादीच्या तळाशी जाते, आणि तोपर्यंत बोटे कायमची तशीच राहतील असे रुग्णालयाच्या डॉक्टरांचे म्हणणे आहे. बोटे सध्या कात्री धरल्याच्या आकारात मिटलेली आहेत. कात्री काढून घेतली तरी आकार जात नाही.

२. आपल्याला आमच्या अस्तित्वाबद्दल शंका आहे, ती रास्त आहे. तिचे मूळ कंपनीच्या इतिहासात आहे, आणि तो मला पाठ आहे, कारण सुवर्णमहोत्सवी पुस्तिका मीच टाइप करत होतो. पुस्तिकेचे नाव 'पन्नास वर्षांची भरारी'. कंपनीच्या मालापैकी एकानेही आजवर भरारी घेतलेली नाही, हे मी व्यवस्थापकांच्या निदर्शनास आणले होते. ते म्हणाले, "तू टाइप कर."

संस्थापक आजोबांनी सायकलला दोन टोपल्या बांधून धंदा सुरू केला, इथपासून दुसऱ्या शेडपर्यंतची वीस वर्षे चार पानांत बसतात. पुढची तीस वर्षे लिहिणे अवघड आहे, कारण त्यांत काहीच घडलेले नाही. वजन वाढावे म्हणून मांसात पाणी टोचतात अशी ओरड झाली. पाणी आढळले नाही. मागचा ओढा लाल झाला आणि मासे उलटे तरंगू लागले. रक्त आढळले नाही. अमोनिया गळून पॅकिंगच्या चौदा बायका डोळ्यांना पदर लावून बाहेर पळाल्या. गॅस आढळला नाही. लाइनवरून लघवीला सोडत नाहीत म्हणून बायकांनी सह्यांचा कागद दिला. कागदच आढळला नाही. या सर्वांसाठी कंपनीत एकच छापील वाक्य आहे : "प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर ठिकाणी ______ आढळून येत नाही." पाहणी करायची नसते, फक्त मधली जागा भरायची असते. तीन वर्षांत त्या जागेत मी सुमारे नऊशे गोष्टी भरल्या आहेत, आणि आपल्यासह कोणत्याही कार्यालयाने एकही कागद परत पाठवलेला नाही.

३. सीलबंदीच्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता व्यवस्थापकांनी मला दाखला करायला सांगितला. साहेब तीन वाजता येणार, त्यांचा वेळ वाया जाऊ नये, असे कारण दिले. त्या क्षणी कारखान्यात चारशे बारा व्यक्ती होत्या, मला धरून. मी मधल्या जागेत 'व्यक्ती' असे टाइप केले. आपल्या फाइलमध्ये जो दाखला आहे तो हाच. शाई थोडी फिकट आहे, रिबन संपत आली होती.

४. तीन वाजता घंटा झाली. सर्वांनी अंगावरचे उतरवायचे, औषधाच्या पाण्याने अंघोळ करायची आणि पलीकडच्या दाराने बाहेर पडायचे, असा नियम होता. मावशीच्या डाव्या हातात पोलादी जाळीचा मोजा असतो. त्याचा पट्टा उजव्या हाताने सोडावा लागतो, आणि उजवा हात वर सांगितल्याप्रमाणे आहे. रोज तो पट्टा शेजारची बाई सोडते. त्या दिवशी शेजारची बाई पळाली. तिला दोष नाही, तिच्या घरी तान्हे आहे. बाहेरच्या रांगेत मावशी दिसेना म्हणून मी उलट पावली आत गेलो. ती आपल्या जागेवर उभी राहून दातांनी पट्टा ओढत होती. मोजा निघायला वीस मिनिटे लागली. आपण सतराव्या मिनिटाला सील लावले.

५. येथे एक कबुली नोंदवणे आवश्यक वाटते. गेल्या वर्षी हात दुखत असल्याची तक्रार एकसष्ट कामगारांनी केली होती. त्यांचे दाखले मी एका दुपारी काढले. चाळिसावा मावशीचा होता. मधल्या जागेत 'इजा' लिहिताना माझी बोटे थांबली नाहीत. माझी बोटे चांगली आहेत. हे मी तिला सीलबंदीच्या तिसऱ्या दिवशी सांगितले. ती म्हणाली, "माहीत आहे मला. एवढं स्वच्छ टायपिंग तुझ्याशिवाय कोणाचं असणार? तुला नोकरीला लावलं तेव्हा सगळ्यांना हेच तर सांगत होते मी." तेव्हापासून ती मला 'टायपिंगवाले' अशी हाक मारते, आणि अहोजाहो करते. हे माझ्या लहानपणापासून प्रथमच घडत आहे.

६. बाहेर कळवण्याचे जे मार्ग आहेत ते पुढीलप्रमाणे संपले :

मोबाइल गेटवरच्या कपाटात असतात, आणि कपाट सीलच्या पलीकडे आहे. कार्यालयातील फोन फक्त अंतर्गत चालतो. मी रोज शीतगृहाला लावून पाहतो.

चौथ्या दिवशी आपले फवारणी पथक आले. आम्ही काचेतून हात हलवले. पथकप्रमुखांनीही हलवला, सभ्य गृहस्थ आहेत. जाताना त्यांनी काचेवर चिकटवलेल्या अहवालात 'हालचाल आढळून येत नाही' असे आहे. छापील वाक्याचा नमुना त्यांनी आमच्या कंपनीकडूनच नेला होता.

आपण गेटवर बसवलेले पहारेकरी काका आम्हाला झरोक्यातून पाव, दूध, केळी देतात. आत काहीही जाऊ शकते, फक्त बाहेर काही येऊ शकत नाही, असा त्यांना लेखी आदेश आहे. आमची नोंद वहीत करा म्हटल्यावर ते म्हणाले, "बाळा, आज लिहिलं तर विचारतील, दहा दिवस 'आत शांतता' कोण लिहीत होतं? निवृत्तीला चार महिने राहिलेत माझे." मी आग्रह धरला नाही. प्रस्तुत अर्ज त्यांना रस्त्यावर पडलेला सापडला आहे, अशी त्यांची विनंती आहे.

मावशीच्या यजमानांना कंपनीने कळवले आहे की कर्मचारी कंपनीच्या खर्चाने विलगीकरणात असून मजेत आहेत. यजमानांनी गेटवर येऊन तिच्यासाठी स्वेटर दिला आणि पहारेकऱ्यांना विचारले, "हे विलगीकरण कुठे आहे हो?" पहारेकरी म्हणाले, "असेल इकडेच कुठेतरी." स्वेटर मिळाला. अंगात बरोबर बसतो.

सील तोडल्यास सहा महिने कैद, असे दारावर लिहिले आहे. शिवाय आपल्या सुटकेच्या दाखल्याशिवाय या कारखान्यातील माणसाला कोणतेही रुग्णालय आत घेत नाही. आणि दाखला फक्त आत असलेल्या व्यक्तीला मिळतो.

७. आमची दिनचर्या : सकाळी सात वाजता लाइन आपोआप सुरू होते, तिचे घड्याळ बंद करायची चावी व्यवस्थापकांकडे आहे. कोंबड्या टांगायचे आकडे मिनिटाला बावन्न या वेगाने रिकामेच फिरत राहतात. मावशी उठून आपल्या जागेवर जाऊन उभी राहते. कशाला जातेस, असे विचारले तर म्हणते, "पाय ऐकत नाहीत हो, टायपिंगवाले." दर आकड्याला तिचा उजवा हात थोडासा हलतो. ते बघावे लागू नये म्हणून मी अभिलेख कक्षात बसतो. दुपारी हात गरम पाण्यात धरतो, तेव्हा करंगळी जरा उघडते आणि पाणी निवले की मिटते. गुरुवारी काय नेसायचे हे तिने ठरवले आहे, पण ती साडी घरी आहे.

८. आता उपाय. आपण दारावर चिकटवलेली सूचनावली मी अकरा दिवसांत पुष्कळदा वाचली. व्यक्ती आत राहिल्यास काय करावे यासाठी तीत कलम नाही. मात्र सूचना क्रमांक सात अशी आहे : "सीलबंदीनंतर आवारात जिवंत पक्षी आढळल्यास कोणीही निनावी कळवावे. कार्यालयाचे वाहन चोवीस तासांत पक्षी बाहेर काढून तपासणीस नेईल." यात सही लागत नाही, वहीतली नोंद लागत नाही, माणसाला लागतो तो सुटकेचा दाखला लागत नाही आणि कोणाचीही नोकरी जात नाही. असे सोयीचे कलम आमच्या कंपनीलासुद्धा सुचले नसते.

त्यानुसार कळवण्यात येते की, आवारात एक जिवंत पक्षी आढळला आहे. मादी, वय त्रेपन्न वर्षे, वजन सुमारे बासष्ट किलो, उजवा पंजा मिटलेला. वजन जास्त वाटल्यास कंपनीच्या मालात पाणी आढळून येत नाही, हे ध्यानात घ्यावे. स्वभाव शांत असून पक्षी स्वतःहून गाडीत बसेल.

अर्जदाराने स्वतःची नोंद मागितलेली नाही. आत एकही व्यक्ती नाही हा दाखला माझ्या हातचा आहे, तो तसाच राहू द्यावा. म्हणजे आपल्या कागदांत एका पक्ष्यापलीकडे काही दुरुस्त करावे लागणार नाही. तपासणीनंतर पक्ष्याचे काय करतात ते सूचना सातच्या पुढच्या ओळीत दिलेले आहे. ती ओळ मी मावशीला वाचून दाखवलेली नाही.

तरी वाहन गुरुवारी सकाळी आठच्या आत पाठवावे, प्रयोगशाळेकडे जाताना ते रुग्णालयाच्या दाराशी थांबवावे, आणि हाताचे काम पूर्ण होईपर्यंत सदर पक्ष्यास खाली उतरू द्यावे, ही विनंती.

आपल्या दप्तरी बाहेर असलेला,
(सही)
टंकलेखक, अभिलेख कक्ष

सोमवार, सीलबंदीचा अकरावा दिवस

सोबत : रुग्णालयाच्या चिठ्ठीची हाताने केलेली नक्कल. मूळ चिठ्ठी मावशी कनवटीची सोडत नाही.