कपाट क्रमांक चारवरची नावे

मल्लिगेकेरे,
दि. १८ सप्टेंबर २०१९

प्रति,
मा. तालुका ग्रंथालय अधिकारी,
मल्लिगेकेरे.

विषय : कपाट क्र. ४ च्या दारावरील जुने स्टिकर व टेपचा चिकटा थिनर न वापरता हाताने काढू देण्याबाबत.

संदर्भ : लोखंडी कपाटे साफ करून नव्याने रंगवण्याबाबत आपला दि. २ सप्टेंबरचा आदेश.

महोदय,

मी या वाचनालयात एकतीस वर्षे ग्रंथपाल होतो व २००१ साली निवृत्त झालो. आपला वेळ घ्यावा की नाही, याचा विचार करण्यात दोन आठवडे गेले. त्यामुळे अर्जास उशीर झाला आहे.

१. आपला आदेश योग्यच आहे. दर दसऱ्यात आयुधपूजेला आपण कपाटांना चंदन-कुंकू लावतो, केळीची पाने आणि शेवंतीच्या माळा टेपने चिकटवतो. माळा दुसऱ्या दिवशी निघतात, टेप राहते. सर्व कपाटे त्यामुळे विद्रूप झाली आहेत. माझी विनंती फक्त क्रमांक चारपुरती आहे.

२. त्या कपाटाच्या दारावर, स्टिकरांच्या खाली, अकरा बायकांची नावे आहेत. माझी पत्नी कै. विमलाक्षी हिने १९९२ साली वाचनालयाच्या ओट्यावर प्रौढ बायकांचा वर्ग चालवला. वर्ग संपला तेव्हा संक्रांतीला बैलांची शिंगे रंगवून उरलेला लाल रंग त्यांनी आणला आणि प्रत्येकीने आपले नाव त्या दारावर लिहिले. कोणीही कोणाचा हात धरायचा नाही, अशी पत्नीची अट होती. पुट्टतायम्मा नावाच्या बाईंना एका नावाला पाऊण तास लागला. नाव दाराच्या कडेपर्यंत गेले आणि शेवटचे अक्षर खाली उतरवावे लागले.

३. पुढच्या वर्षी तपासणी होती. सरकारी सामानावर खासगी नावे नसावीत, असे परिपत्रक आले. त्या नावांसाठी मला दोन ओळी लिहून परवानगी मागता आली असती. मी मागितली नाही. ‘शांतता राखा’ असे छापलेले सहा मोठे स्टिकर कपाटात पडून होते, ते मी स्वतः त्या नावांवर लावले आणि कडांना टेप मारली. तपासणी झाली की काढू, असे मनात होते. मग पुढची तपासणी आली.

४. पत्नीने ते पाहिले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “नावंच होती हो ती, शिव्या नव्हत्या.” आणि घरी आल्यावर, भात वाढताना, “शांतता राखा म्हणे. इतकी वर्षं त्या बायका दुसरं काय करत होत्या?” तिने वर्ग देवळाच्या पडवीत नेला. मी आणलेली पुस्तके ती घरी वाचत असे, पण २००४ साली वारली तोपर्यंत वाचनालयाची पायरी चढली नाही. हे अर्जात लिहिण्यासारखे नाही, हे मी जाणतो.

५. सोमवारी कंत्राटदार येणार आहेत. मी त्यांना भेटलो. ते म्हणाले, “आजोबा, थिनर मारायचा, पत्तीने खरवडायचं, अर्ध्या तासात दार आरशासारखं. तुम्ही कशाला डोकं शिणवताय?” मी घरच्या हिरव्या पत्र्याच्या ट्रंकेवर त्याच जातीच्या लाल रंगाने माझे नाव लिहिले, वाळू दिले, वर स्टिकर लावून आठवडाभर उन्हात ठेवले. अर्ध्या भागावर थिनर लावला. चिकट्याआधी अक्षरेच गेली. एका कोपऱ्यावर नातीचे केस वाळवायचे यंत्र धरले, तर रंगच मऊ पडला. उरलेल्या भागावर खोबरेल तेलाची चिंधी दुपारभर ठेवली आणि जुन्या बसपासच्या कडेने कागद हळूहळू सोडवला. तिथली चारपैकी तीन अक्षरे राहिली. अर्थात, एका आठवड्याचा चिकटा आणि सव्वीस वर्षांचा चिकटा एक नव्हे.

६. त्या अकरा जणींपैकी माझ्या माहितीत पुट्टतायम्मा तेवढ्या हयात आहेत. गेल्या आयुधपूजेला त्या काठी टेकत वाचनालयात आल्या. मी तिथेच होतो. त्यांनी दारावरून हात फिरवला आणि विचारले, “मास्तर, माझं नाव कुठं गेलं?” मी म्हणालो, खाली आहे. त्या म्हणाल्या, “मग काढा की. मी मेल्यावर काढणार आहात का?”

७. तरी गुरुवार ते शनिवार, असे तीन दिवस मला त्या दारापाशी बसू द्यावे. तेल, चिंध्या, स्टूल मी घरून आणीन. नावे निघाली तर ते एक दार रंगवण्यातून वगळावे. अक्षरे कागदालाच चिकटून उलटी निघाली, तर दार खुशाल रंगवावे, परंतु ते कागद कचऱ्यात न टाकता माझ्या हवाली करावेत. दोन्ही झाले नाही, तर दोष माझा राहील आणि तसे लिहून देण्यास मी तयार आहे.

जी परवानगी १९९३ साली मागायची होती ती आज मागणारा,

आपला नम्र,
(सही)
डी. एस. चन्नकेशवय्या
निवृत्त ग्रंथपाल

सोबत :
१) आपल्या आदेशाची प्रत.
२) ट्रंकेच्या झाकणाची दोन छायाचित्रे, थिनरची व तेलाची.
३) दारावरील अकरा नावांची यादी, आठवणीतून केलेली. नववे नाव मला आठवत नाही. ती ओळ कोरी ठेवली आहे.