पडद्यावरचं घड्याळांचं दुकान

प्रिय ताई,

नमस्कार. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्हाला 'वन्सं' म्हणायचं असं मला माहेरून पढवून पाठवलं होतं, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी, असं म्हणालीस तर मी ओ देणार नाही, असा दम भरला होतात. म्हणून ताई. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करता, की तो कागद नुसता घडी घालून ठेवलाय? आमच्याकडे सगळं ठीक आहे. (हे वाक्य पत्रात घालायचंच असतं म्हणून घातलं. पुढचं वाचून काय ते तुम्हीच ठरवा.) फोन सोडून पत्र का, असं वाटेल. मी फोन उचलला की आपले बाबा शेजारी येऊन बसतात, आणि ज्यांच्याबद्दल बोलायचं तेच मान डोलावत ऐकत असले की माझी जीभ अडखळते.

माझा कॉम्प्युटरचा नाद तुम्हाला ठाऊकच आहे. शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं दाखले टाइप केले, त्याचा सूड म्हणून मी चाळिशीनंतर वेबसाइट करायला शिकले. पहिली केली ती शाळेचीच. मागे गुलाबाची फुलं, पुढे गुलाबी अक्षरं, आणि ती अक्षरं उजवीकडून डावीकडे पळणारी. मुख्याध्यापकबाईंनी दोन मिनिटं बघितली आणि त्या उठून खिडकीपाशी हवा खायला गेल्या. मग मी डिजिटल चित्रकलेकडे वळले. तुमचं चित्र काढून वाढदिवसाला पाठवलं, तर तुमचा फोन आला, "ही बाई पोलिसांना सापडली का?" तेव्हा चित्रकला सोडली. शेवटी थ्री-डीचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यात खोल्या बांधता येतात आणि माऊस धरून आत हिंडताही येतं. मी आधी एक खुर्ची केली, ती जमिनीत गुडघाभर रुतली. दुसरी केली, ती छताला जाऊन चिकटली. तुमचे बंधू म्हणाले, निदान पाहुणे फार वेळ बसणार नाहीत.

आता बाबांचं. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान विकलं त्याला दोन वर्षं झाली. कागदावर त्यांनी स्वतः सही केली होती, तुम्ही समोर होतात. पण या वर्षी त्यांच्या डोक्यातून ती सहीच पुसली गेली. रोज सकाळी नऊला शर्ट इस्त्रीचा, खिशात भिंग, आणि निघाले दुकान उघडायला. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. चष्मेवाला माणूस चांगला. त्याने दोनदा खुर्ची दिली, पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी तो आत गेलेला असताना बाबांनी काउंटरवरच्या अकरा चष्म्यांचे स्क्रू काढून काचा, दांड्या, फ्रेमी अशा तीन ओळी मांडून ठेवल्या. (अगदी सुबक मांडल्या होत्या, असं तोच म्हणाला.) मी जाऊन माफी मागितली. पुढच्याच आठवड्यात बाबा उलट्या दिशेला चालत गेले आणि चार तासांनी बस डेपोत सापडले. तिथल्या भिंतीवरचं घड्याळ उतरवून द्या म्हणून कंडक्टरशी वाद घालत होते. डॉक्टर म्हणाले, यांना आता एकटं सोडायचं नाही. आम्ही दाराला वरून कडी बसवली. ताई, बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते दाराला हात लावून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "अहो, गिऱ्हाईक खोळंबलंय."

त्या दिवशी मी दुकान बांधायला घेतलं. चष्मेवाल्याकडे जाऊन टेप लावून खोलीची मापं आणली, जुना फोटो समोर ठेवला, आणि शाळेतून आल्यावर रोज दुपारी बसले. पहिल्या प्रयत्नात ऊन फरशीखालून यायला लागलं. दुसऱ्यात काउंटर इतका उंच झाला की मागे जिराफ बसवावा लागला असता. सव्वा महिन्याने जमलं. हिरव्या भिंती, लाकडी खण, टेबलावरचा वाकणारा दिवा, मागच्या भिंतीवर चाळीस घड्याळं. मी बाबांना पडद्यासमोर बसवलं आणि मागे उभी राहिले. त्यांनी चष्मा पुसला, नीट बघितलं आणि जे तापले! "सगळी घड्याळं एकच वेळ दाखवतायत! हे दुरुस्तीचं दुकान आहे की रेल्वे स्टेशन?" मी एकच घड्याळ करून त्याच्या एकोणचाळीस नकला काढल्या होत्या. दुरुस्तीला आलेली घड्याळं, म्हणजे प्रत्येक वेगळ्या वेळेला बंद पडलेलं असणार, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. मी एकेका घड्याळावर बाण न्यायची आणि बाबा सांगायचे. हे ड्रॉइंगच्या मास्तरांचं, रोज सात मिनिटं मागे पडतं. हे डॉक्टरीणबाईंचं, त्यांच्या हातून सारखं खाली पडतं. हे एका म्हाताऱ्या शिंप्याचं, चालू आहे, पण घरी आवाज नको म्हणून इथे ठेवून गेलाय. मी काटे फिरवायची, नावं लिहून घ्यायची. त्या घड्याळांची एक वेबसाइटही केली, घड्याळावर दाबलं की मालक आणि बिघाड खाली दिसतो. (गुलाब नाहीत. पांढऱ्यावर काळी अक्षरं, आणि ती जागच्या जागी उभी आहेत.) चाळीसच्या चाळीस घड्याळं त्यांना पाठ होती, ताई. पंधरा वर्षं या घरात राहून मी बाबांशी जेवढं बोलले नसेन तेवढं त्या महिन्यात बोलले. दाराची कडी आम्ही काढून टाकली. नऊ वाजले की इस्त्रीचा शर्ट घालून ते कॉम्प्युटरसमोर येऊन बसत. मी शाळेत असताना शेजारच्या काकू विणकाम घेऊन त्यांच्याजवळ थांबत.

पण पुढच्या महिन्यात सव्वीसच घड्याळं ओळखीची राहिली. त्यानंतर नऊ. मी विचारलं की बाबा माझ्याकडेच असे बघत की जणू परीक्षेत मीच अडले आहे. मग मी विचारणं सोडलं. आता ते पडद्यावरच्या काउंटरमागे बसून बाहेरच्या रस्त्याकडे बघतात. (रस्त्यावर एक झाड आणि एक दिव्याचा खांब आहे. याहून जास्त आमच्या कॉम्प्युटरला पेलत नाही.) परवा म्हणाले, "बऱ्याच दिवसांत कोणी आलं नाही." मला राहवलं नाही, म्हणून मी एक गिऱ्हाईक केलं. माणूस करणं खुर्चीपेक्षा अवघड. याचे हात गुडघ्यांपर्यंत आले आणि चालताना तो न थांबता काउंटरमधून आरपार गेला. बाबा दचकले, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. उभे राहून पडद्याला म्हणाले, "सावकाश साहेब, लागेल." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, थोडी हसलेही.

माझं म्हणाल, तर मी सून उरलेली नाही. मी दुकानातली नवी बाई आहे. ठीक काम करते, पण हात जड आहे, असं बाबांचं मत काकूंनी माझ्या कानावर घातलं. तुमच्या बंधूंची गत त्याहून वाईट आहे. ते खोलीत आले की बाबा म्हणतात, शटर ओढ, तो दुकान विकत घ्यायला आलाय. मी पडद्यावरचं शटर ओढते. ते बिचारे चहा ठेवून बाहेर निघून जातात आणि गॅलरीत उभे राहतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या पाठीकडे बघून तो रडतोय हे कळू नये, पण कळतं.

असो. गुडघ्याला जपा. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
दुकानातली बाई

ता. क. : खरं तर हे पत्र एवढ्याचसाठी होतं आणि ते लिहायला मी चार पानं लावली. येत्या चौदा तारखेला माझं ऑपरेशन आहे, पिशवी काढायची आहे. गाठ साधी आहे की कशी, ते नंतर कळेल. तुमचे बंधू दवाखान्यात माझ्याजवळ राहतील, शेजारच्या काकू लेकीकडे जाणार आहेत. आठ दिवस दुकान बघायला कोणी नाही. याल का? मी बाबांकडे रजा मागितली, पण मालक म्हणाले, सीझन आहे, बदली माणूस आणून दे आणि जा.

पुन्हा ता. क. : बाबा तुम्हाला ओळखणार नाहीत. मी आधीच सांगते, म्हणजे दारात धक्का बसणार नाही. 'बाबा' म्हणून हाक मारलीत तर ते घाबरतात, माझ्यासमोर घडलंय. येताना घरातलं एखादं बंद पडलेलं घड्याळ घेऊन या आणि ते त्यांच्या हातात द्या. ते कानाला लावतील, आणि मग तुम्हाला बसायला सांगतील.