फळीवरचा तांबडा साहेब

अव्वा, तुझ्या आजारपणातली एक गोष्ट सांगायची राहिली आहे. शुक्रवार पेठेतल्या घरात तुझ्या अंथरुणासमोरच्या फळीवर तो चिनी मातीचा जग होता. गालफुग्या गोऱ्या माणसाचं तांबडं मुंडकं, डोक्यावर उंच टोपी, मागे धरायला मूठ. गिरणीतले साहेब विलायतेला परतताना अप्पांना देऊन गेले होते. त्यांच्या बंगल्यात अशी मुंडकी कपाटभर होती, एकेका देशाचं एकेक. शाळेतल्या मदर म्हणाल्या, हा जॉन बुल, म्हणजे इंग्लंड देशच; यात पाणी भरत नाहीत, नुसता मांडून ठेवतात. तू मात्र पहिल्याच दिवशी त्याच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढलीस आणि पुढ्यात भाकरीचा तुकडा ठेवलास. "डोळे हायत की त्याला. डोळे असलेलं उपाशी ठिवू नये." अप्पा हसले, "साहेबाला लिंगायत केलंस होय ग?"

मग तुला ताप आला, तो उतरेचना. "ते माझ्याकडं बघतंय. भिंतीकडं फिरव त्याला," तू म्हणालीस. दिवेलागणीला मी फिरवायची. सकाळी तू डोळे उघडतेस तर तो तुझ्याकडेच बघत असतो. "तू फिरवलास काय ग?" "नाही, अव्वा."

मीच फिरवत होते. त्या उन्हाळ्यात दंग्यांमुळे शहरात गोऱ्या सरकारचं लष्कर होतं. गिरणीतली माणसं सकाळीच अप्पांना बोलवायला घरात येत, आणि साहेबाची भेट भिंतीकडे तोंड करून ठेवलेली त्यांनी पाहिली तर नोकरी जाईल, ही अप्पांची धास्ती. "उजाडलं की सरळ कर. अव्वाला सांगू नको, ती ऐकायची नाही." मी तुमची बारा वर्षांची लेक होते. तू पदर तोंडावर ओढून घेऊ लागलीस. पुढे पुढे पाणीसुद्धा आधी त्याला दाखवल्याशिवाय घेईनास. तरी मी बोलले नाही.

शेवटी मला ते बघवेना. त्या मुंडक्याला हात लावायचा नाही, अप्पांना काय बोलायचं ते बोलू देत, असं ठरवून त्या सकाळी मी तुझ्या खोलीत आले. आदल्या संध्याकाळी मी भिंतीकडे फिरवलेला तो तुझ्याकडे बघत होता. त्याच्या कपाळावरची विभूती नुकतीच ओढलेली, अजून ओली होती. तुला कुशीवर वळवायलाही आम्ही दोघं लागत होतो. आपण हात लावला नाही, असं अप्पांनी पुढे गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन शपथेवर सांगितलं.

तू पदर बाजूला केलास. "रोज तूच फिरवतीस, ठाव हाय मला," हळू आवाजात म्हणालीस. "आजबी तूच न्हवं?"

सवयीनं तोंडातून निघून गेलं, "नाही, अव्वा."

त्या एकाच दिवशी ते खरं होतं, पण तुला "हो" हवं होतं. दुपारी तू गेलीस. आज "हो, मीच" एवढं लिहायला बसले होते. पण अजूनही ते माझ्याच्यानं लिहवत नाही.