तिसरी शिट्टी

३ फेब्रुवारी, मंगळवार

ऐकू येतं हो मला, तुमच्यापेक्षा बरं ऐकू येतं. तुमच्या पोटात गुरगुरतंय तेसुद्धा ऐकू आलं, नाश्ता न करताच आलात वाटतं. असं मी सकाळी अजिंक्यसरांना तोंडावर बोलले आणि तिथंच नोकरी लागली. कापडाच्या लूमवर वीस वर्षं काढलेल्या बाईचे कान शाबूत कसे, अशी त्यांना शंका. मी सांगितलं, पहिल्या दिवसापासून कापसाचे बोळे घालायचे मी कानात. बाकीच्या बाया हसायच्या. हसू दे.

दुकान पर्वत पाटियाला, साडीच्या गोडाऊनवर, तिसरा माळा. मुठीत मावतील एवढाले रेकॉर्डर येतात, नवे-जुने. लग्नाचं शूटिंग करणारे घेतात, रानात जाऊन पाखरांचे आवाज भरणारे घेतात. माझं काम असं : रेकॉर्डरचा आवाज पुरा वाढवायचा, लोखंडी पेटीत ठेवायचा, झाकण लावायचं आणि पाच मिनिटं नुसती शांतता भरायची. मग हेडफोन लावून ऐकायचं, त्या शांततेत मशीन स्वतःचं किती बोलतं. त्यानंतर पितळी घंटी वाजवायची, मोठा आवाज फाटतो का बघायचं. सर म्हणतात, मीटर आकडा सांगतं, पण माणसाला त्रास होईल का ते कानच सांगतो.

फॉर्मवर काय लिहू कळेना. मग लिहिलं, पहिलं मशीन : तापल्या खापरावर पाणी शिंपडल्यासारखी खरखर, दहात चार. दुसरं : शेजारीण भिंतीपलीकडे मिक्सर लावते तशी घूं घूं, दहात सहा. सर हसले. म्हणाले, मावशी, असंच लिहा. त्यांचं लग्न ठरतंय. मी म्हटलं, पोरीकडच्यांना सांगा, आधी पाच मिनिटं गप्प बसवून बघणार. कान लाल झाले बिचाऱ्याचे.

हे रजिस्टर त्यांनीच दिलं. पुढून मशिनींचं, मागून माझं. सातवी शिकलेय, पण अक्षर सरांपेक्षा बरं आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर कटकट. पेटीच्या आतला फोम निघून आलाय, त्यामुळे खालच्या साडीवाल्यांची इस्त्रीची प्रेस फुस्स करते ती आत भरते. एकेक मशीन चार चार वेळा करावं लागलं. सरांना तीनदा सांगितलं, फोम आणा. ते म्हणतात, मागवलाय मावशी. मागवलाय, मागवलाय. माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी पण सोनं मागवलंय म्हणूनच सांगितलं होतं.

शेवटी भेस्तानला घरी जाऊन गोधडी घेऊन आले आणि पेटीला आतून चारी बाजूंनी टाचली. प्रेस गपगार. गोधडीच्या आतल्या थरात माझ्या वैभवच्या पप्पांची लुंगी नि कामावरचा शर्ट शिवलाय. सरांना कशाला सांगा.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज चौथ्या मशीनमध्ये शिट्टी भरली गेली.

नीट लिहिते. लूमच्या खात्यात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही, सगळं हाताच्या खुणांनी चालतं. पण दोन बोटं तोंडात घालून मारलेली शिट्टी त्या खडखडाटातून आरपार येते. उधन्याच्या खात्यात वैभवचे पप्पा मागच्या लाईनीला, मी पुढं मेन स्विचपाशी. मला बोलवायची त्यांची शिट्टी वेगळी होती, खालून वर चढत जाणारी. मी मुद्दाम वळायची नाही. पहिलीला नाही, दुसरीला नाही, तिसरी मारली की वळायची आणि जीभ दाखवायची. अख्खी लाईन हसायची, ते चिडायचे. रोजचा खेळ.

अकरा वर्षं झाली. मागच्या लूमच्या पट्ट्यात त्यांची बाही अडकली, त्यातच ते गेले. स्विच माझ्या हाताशी होता. पोलिसांना, सासूला, दहा वर्षांच्या वैभवला मी एकच सांगितलं : कानात बोळे, त्यात मशिनींचा गोंगाट, मला काही ऐकू आलं नाही.

तर ती शिट्टी. बारीक, पार लांबून. खालचा कोणी हमाल वाजवत असेल.

११ फेब्रुवारी, बुधवार

हमाल नाही. मी खाली जाऊन विचारलं. ते म्हणाले, काकी, शिट्टी वाजवायचं वय राहिलंय का आमचं.

आज सहा मशीनमध्ये. प्रत्येकात दोनदा. खरखर असते, तिच्याखाली घूं घूं, आणि घूं घूंच्या खाली मागच्या लाईनीतून येते तशी. सरांना हेडफोन लावला. म्हणाले, काही नाही. परत लावला. काही नाही. मीटरपण सपाट. मी चिडले. म्हटलं, कानात तेल घाला जरा. तेपण चिडले. म्हणाले, शनिवारी गिऱ्हाईक पार्टीला बारा मशीन द्यायचीत, डांगच्या जंगलात जाणारेत ती माणसं, आणि तुम्ही नऊ नापास केलीत. चांगली मशीन नापास केलीत, तर तुम्हाला ठेवू कशाला?

वरून म्हणाले, कानातच वाजत असेल तुमच्या. लूमवाल्यांना होतं तसं. उद्या डॉक्टरला दाखवा, कागद आणा, नाहीतर येऊ नका.

कान खराब निघाले तर नोकरी गेली. परत साड्यांचे दोरे कापत बसायचं. आणि चांगले निघाले तर —

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वैभव गाडीवरून घेऊन गेला. एकटी जाते म्हटलं, ऐकलं नाही. आतपण आला. काचेच्या खोलीत बसवून डॉक्टरने टिंग टिंग ऐकवलं, ऐकू आलं की बटण दाबायचं. मी एकपण सोडलं नाही. खोटं दाबायचं, चुकायचं, ते सुचलंच नाही. हुशारी दाखवायची खोड.

डॉक्टर खूश. वैभवला सांगत होता, लूमवर राहून असे कान मी बघितले नाहीत. कापूस घातला म्हणून बरं झालं, कापसाने गोंगाट कमी होतो. शिट्टीसारखा तीक्ष्ण आवाज तर आरामात ऐकू येत असणार, हो ना बेन?

मी हसले.

वैभवने गाडी काढली. उधना दरवाजाच्या सिग्नलला म्हणाला, मग मम्मी, त्या दिवशी? मी म्हटलं, सिग्नल सुटला, चल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कागद बघून सरांनी माफी मागितली. आता माझ्यावर पुरा भरवसा. नको होता.

शिट्टी जवळ आलीय. परवा मागची लाईन, आज मधली. अंतर कळतं मला, त्याचाच तर पगार.

गोधडी उसवून काढली. सर ओरडले, आता परत प्रेस ऐकू येणार. येऊ दे. प्रेस आली. शिट्टीपण आली. दोनदा.

फाटत नाही ती. एवढी मोठी आली तरी कुठंच फाटत नाही. दहात दहा.

वैभव जेवला नाही. मी चिडवलं, कोणती पोरगी बघितलीस? हसला नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बारा मशीन. बाराही पास लिहिले. ऐकलं नाही एकपण. हेडफोन उलटा धरून बसले.

उलट्या हेडफोनमधूनपण —

सर खाली पार्टीला सोडायला गेलेत. पेटी रिकामी आहे. मशीन सगळी गेली.

पेटीतून आली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दुपारचे दोन. वैभवचा फोन आला. इथं येतोय म्हणाला. आज तू सांगायचंच, म्हणाला. घरी थांब म्हटलं, तर म्हणाला, निघालोय.

हेडफोन टेबलावर आहे. वायर काढलेली.

एक झाली.

माझ्या मागं. लूम दोन सोडून तिसरा, एवढंच अंतर. मी वळले नाही. लिहितेय. सर कॉम्प्युटरवर आहेत, त्यांना काही नाही.

जिन्यात पावलं. वैभवच. बाप चालायचा तसाच चालतो, एक पाय घासत.

दुसरी.

मानेवर वारा लागला. मशीनच्या तेलाचा वास.

वैभव, तू विचारायच्या आधी लिहिते, तोंडाने जमणार नाही. ऐकू आलं होतं मला. दोन्ही वेळा. चांगलं ऐकू आलं. मला वाटलं, खेळतायत. स्विच हाताशी होता आणि मी पाठ करून हसत उभी होते, तिसरी वाजली की वळायचं म्हणून, आणि तिस